डिपॉझिट अडकलंय, भाडेकरू हलत नाहीये: भाड्याच्या घराचे तुमचे प्रश्न

मे-जून आला की आमच्याकडे एकाच विषयाच्या पत्रांचा ढीग पडतो. शाळा बदलतात, नोकऱ्या बदलतात, अकरा महिन्यांची ॲग्रीमेंटं संपतात, टेम्पोत कपाटं चढतात आणि मग मालक-भाडेकरू एकमेकांचे फोन उचलेनासे होतात. मी आता वकिली करते, पण त्याआधी सहा वर्षं पुण्यात भाड्याने राहिलेय आणि माझं पहिलं डिपॉझिट मला कधीच परत मिळालं नाही, त्या वेळी ते माझे सात महिन्यांचे साठवलेले पैसे होते, त्यामुळे या पत्रांमधली चिडचिड मला अगदी आतून कळते. आणि मालकांची पण कळते, कारण आता अशील म्हणून समोर बसतात त्यातले निम्मे तेच असतात, त्यांचा ईएमआय किंवा म्हातारपणाचा महिना त्या भाड्यावर चाललेला असतो.

ताई नमस्कार, आम्ही नवरा-बायको वाकडला टूबीएचकेमध्ये २२ महिने राहिलो. भाडं २५ हजार, डिपॉझिट ७५ हजार. पहिल्या ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट रजिस्टर होतं, पुढच्या वेळी मालक म्हणाले कशाला परत खर्च, व्हॉट्सॲपवरच ठरवू, आम्ही पण हो म्हणालो. घर सोडून दोन महिने झाले. आधी म्हणाले १५ दिवसांत देतो, आता म्हणतात पेंटिंगचे २५ हजार, डीप क्लीनिंगचे ६, गीझर बंद पडला त्याचे ८ आणि किचन ट्रॉलीचे ४, असे ४३ हजार कापून ३२ देईन. तेही दिले नाहीत. बिलं मागितली तर ब्लॉक केलं. पोलिसात जाऊ का?

पोलिसात गेलात तर बहुतेक हेच सांगतील की हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. आणि यात ते चूक नसतात. त्यामुळे चौकीत दोन संध्याकाळी घालवण्यापेक्षा आधी पहिलं ॲग्रीमेंट काढा आणि घर सोडतानाचं कलम नीट वाचा.

पुण्यात बऱ्याच एजंटांच्या ठरलेल्या ड्राफ्टमध्ये एक ओळ असते, की सोडताना एक महिन्याचं भाडं पेंटिंग आणि क्लीनिंगपोटी कापलं जाईल. ती ओळ असेल आणि खाली तुमचा अंगठा असेल तर त्या २५ हजारांवर भांडणं अवघड आहे, मात्र मग डीप क्लीनिंगचे ६ हजार वेगळे लावता येणार नाहीत कारण ते त्यातच आलं. ती ओळ नसेल, नुसतं "सर्वसाधारण वापराने होणारी झीज वगळता घर आहे त्या स्थितीत परत द्यावे" असं लिहिलेलं असेल, तर दोन वर्षांत रंग फिका पडणं ही झीजच आहे, त्याचा खर्च मालकाचा. तुमच्या मुलांनी भिंतीवर चित्रं काढली असतील, टीव्हीसाठी सहा भोकं पाडली असतील, तर तेवढ्याचा खर्च तुमचा, पूर्ण घराचा नाही. गीझरचं तसंच, कॉइल जुनी होऊन गेली तर मालकाचा खर्च, पाणी नसताना चालू ठेवून जाळला असेल तर तुमचा. ट्रॉली तुटली असेल तर सरळ मान्य करा, चार हजार द्या. जिथे आपली चूक आहे तिथे आधीच हो म्हटलं ना, की बाकीच्या मुद्द्यांना वजन येतं, हे मी कितीतरी केसेसमध्ये बघितलंय.

आता दुसरे ११ महिने. मालकाला वाटतंय कागद नाही म्हणजे तुमच्याकडे काही नाही. उलट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. करार नोंदवलेला नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, मालकाने ते खोटं पाडेपर्यंत. शिवाय नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हे मी धमकावायला सांगत नाहीये, पण नोटिशीत या कलमाचा उल्लेख आला की बऱ्याच जणांचा ब्लॉक आपोआप निघतो.

करायचं काय तर, डिपॉझिट दिल्याची बँक एंट्री, दर महिन्याच्या भाड्याच्या एंट्र्या, व्हॉट्सॲपचं सगळं चॅट एक्सपोर्ट करून, चावी कोणत्या तारखेला कोणाच्या हातात दिली त्याचा मेसेज, घराचे फोटो असतील तर ते, हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. मग मालकाच्या ॲग्रीमेंटमधल्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र, त्यात प्रत्येक कपातीचं बिल मागा, मान्य असलेली रक्कम लिहा, बाकी १५ दिवसांत द्या असं लिहा. नाही दिले तर वकिलाची नोटीस. त्यानंतर लगेच दावाच टाकायला पाहिजे असं नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करायच्या आधीच अर्ज देऊन लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं, तिथे तडजोड झाली तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि एवढ्या रकमेसाठी तो मार्ग मला जास्त पटतो. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते त्यामुळे उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका.

आणि पुढच्या घराला एक करा, चाव्या हातात ठेवून मालकासोबत घर फिरा, व्हिडिओ काढा, हिशोब तिथेच कागदावर करा आणि पैसे खात्यात आल्यावर चावी द्या. यात उद्धटपणा काही नाही. घर घेताना त्यांनी डिपॉझिट आल्यावरच चावी दिली होती ना.

ताई, मी ६८ वर्षांची आहे, डोंबिवलीला राहते. मिस्टर गेल्यावर कल्याणचा फ्लॅट १४ हजारांनी भाड्याने दिला, ॲग्रीमेंट रजिस्टर केलेलं आहे. ते फेब्रुवारीत संपलं. भाडेकरू जात नाही, चार महिने भाडंही नाही, ४० हजार डिपॉझिट त्यातच संपलं. मुलांची शाळा आहे, पुढच्या महिन्यात जातो, असं दर महिन्याला म्हणतो. माझा मुलगा बंगळुरूला असतो, तो म्हणतो प्लंबर बोलव आणि पाणी तोड, एका दिवसात जाईल. शेजारचे पण तेच म्हणतात.

काकू, पाणी तोडू नका. लाईट पण नाही, कुलूप बदलणं पण नाही, चार माणसं घेऊन सामान बाहेर काढणं तर अजिबात नाही. तुम्ही आत्ता पूर्णपणे बरोबर बाजूला उभ्या आहात आणि प्लंबरने कॉक बंद केला त्या क्षणी तक्रार करायचा हक्क समोरच्याला मिळेल. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये पाणी, वीज अशा अत्यावश्यक सेवा तोडायला स्पष्ट बंदी आहे. तुमचा माणूस कागदोपत्री लायसेन्सी आहे, म्हणजे ठराविक मुदतीसाठी राहायची नुसती परवानगी मिळालेला, आणि त्याला हे कलम लागतं का यावर वाद घालता येईल, पण त्या घरात लहान मुलं आहेत, पोलिसांसमोर आणि कोर्टासमोर ते चित्र तुमच्या विरोधात जाईल.

तुमच्या हातात याहून चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे तो रजिस्टर केलेला कागद. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे अशा परवानगीच्या कराराची, मुदत संपली की मालकाला कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) ताब्यासाठी अर्ज करता येतो, नेहमीच्या दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जायची गरज नाही. तिथे लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूने शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर तुमचं म्हणणं त्याने मान्य केलं असं समजून आदेश होऊ शकतो. आणि मुदत संपल्याच्या दिवसापासून घर रिकामं होईपर्यंत दुप्पट दराने भरपाई, म्हणजे तुमच्या बाबतीत महिना २८ हजार. हे त्याला आज माहीत नसावं. माहीत झालं की "पुढच्या महिन्यात" ही भाषा बदलते असा माझा अनुभव आहे.

म्हणून पहिलं पाऊल, वकिलामार्फत नोटीस, त्यात मुदत संपल्याची तारीख, थकलेली रक्कम, दुप्पट भरपाई आणि कलम २४ चा उल्लेख. १५-२० दिवसांत गेला तर ठीक, नाहीतर अर्ज. मध्येच त्याने गयावया करून दोन महिन्यांचे पैसे दिले तर घ्या, तुम्हाला पैशांची गरज आहे, पण घेताना लेखी कळवा की ही रक्कम भरपाईपोटी घेतली आहे, करार वाढवलेला नाही. नुसतं "भाडं मिळालं, धन्यवाद" असा मेसेज गेला तर उद्या तो म्हणेल की मालकिणीने भाडं घेऊन मला राहू दिलं.

खोटी आशा दाखवत नाही, अर्जालाही महिने जातात, तारखा पडतात, तुम्हाला लोकल धरून यावं लागेल. मुलाला सांगा प्लंबर शोधण्याऐवजी त्या तारखांना सुट्टी काढून आईसोबत ये. किंवा तुम्ही त्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र द्या म्हणजे तुमच्या फेऱ्या वाचतील.

आमचा स्वतःचा फ्लॅट ठाण्यात आहे, तो भाड्याने दिलाय. मेंटेनन्सच्या बिलात सोसायटी दर महिन्याला २ हजार नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते. जनरल बॉडीत ठराव केलाय म्हणतात. हे बरोबर आहे का?

नाही. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानुसार मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतला जाणारा हा चार्ज सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि सेवाशुल्क म्हणजे बिलाची पूर्ण रक्कम नव्हे, त्यातून महापालिकेचा टॅक्स बाजूला काढायचा. तुमचं सेवाशुल्क समजा अडीच हजार असेल तर चार्ज २५० रुपये. ठराव जनरल बॉडीने एकमताने केला तरी तो आदेशाच्या वर जात नाही. कमिटीला लेखी द्या, जास्तीचे घेतलेले पैसे पुढच्या बिलात वळते करायला सांगा, नाही ऐकलं तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार.

आम्ही तिघी मैत्रिणी कोथरूडला फ्लॅट बघतोय, तिघीही नोकरी करतो. मालकीणबाई तयार आहेत, टोकन पण दिलं, पण सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले बॅचलर चालणार नाहीत, एनओसी देणार नाही. दुसरीकडे एक मिळालं तर तिथे अट अशी की रात्री १० नंतर यायचं नाही आणि कोणी पुरुष, अगदी भाऊ किंवा वडीलसुद्धा, राहायला नको. आम्ही काय गुन्हा केलाय?

काहीच नाही. हे पत्र वाचून मला वीस वर्षांपूर्वीची मी आठवले, शब्द तेच, "बॅचलर चालणार नाहीत".

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला सभासदाला सोसायटीची परवानगी लागतच नाही, आधी लेखी कळवायचं असतं आणि ॲग्रीमेंटची कॉपी व भाडेकरूची माहिती पोलिसांना दिल्याची पोच जमा करायची असते. त्यामुळे एनओसीचा मुद्दा तुम्ही नाही, मालकीणबाईंनी लढवायला हवा, कारण हक्क त्यांचा अडवला जातोय. त्यांना सांगा सेक्रेटरींशी तोंडी बोलत बसू नका, पत्र द्या, आणि नकार असेल तर कोणत्या उपविधीखाली ते लेखी मागा. लेखी नकार द्यायला सहसा कोणी तयार होत नाही. सोसायटीने वेगळे उपविधी घेतलेत का तेही एकदा बघायला सांगा.

पण एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. सोसायटी अडवू शकत नाही हे खरं असलं तरी खुद्द मालकानेच बॅचलर नको, अमक्या जातीचे नको, मांसाहारी नको, तमक्या धर्माचे नको म्हटलं तर त्याला घर द्यायला भाग पाडणारा कायदा आपल्याकडे नाही. मला हे चुकीचं वाटतं, फार चुकीचं, भाडं वेळेवर देणारी आणि घर नीट ठेवणारी माणसं नुसत्या आडनावावरून परत पाठवली जातात आणि त्यांच्याकडे दाद मागायला जागा नाही. आज तुमच्या हातात एवढंच आहे की मालकीणबाई तयार असलेलं घर सोडू नका. दुसऱ्या घराची १० वाजताची अट ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेली असेल तर सही करू नका, तुमच्यापैकी एकीची जरी शिफ्ट असली तरी पहिल्याच महिन्यात वाद होईल, आणि आजारी पडल्यावर आई-वडील येऊन राहू शकत नाहीत असल्या घरात राहायचं कशाला.

मालाडला वनबीएचके मिळतोय, हेवी डिपॉझिटवर. १० लाख एकदाच द्यायचे, दोन वर्षं भाडं शून्य, मग १० लाख परत. एजंट म्हणतो बाहेर २८ हजार भाडं चालू आहे, तुमचे पावणेसात लाख वाचतात. गावची जमीन विकून आलेले पैसे आहेत. ॲग्रीमेंटमध्ये १ लाखच दाखवू, बाकी कॅश, नाहीतर स्टॅम्प ड्युटी खूप बसेल म्हणतो. करू का?

या रूपात करू नका. घाईने तर मुळीच नाही.

आधी स्टॅम्प ड्युटीचं खोटं. लिव्ह अँड लायसन्सला ड्युटी असते ०.२५ टक्के, ती पूर्ण मुदतीच्या भाड्यावर अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेल्या व्याजावर. १० लाखांचं दोन वर्षांचं धरलेलं व्याज २ लाख, भाडं शून्य, म्हणजे ड्युटी झाली ५०० रुपये. आणि शहरात नोंदणी फी १ हजार. ज्या माणसाला ५०० रुपयांसाठी ९ लाख कागदाबाहेर ठेवायचेत त्याचं कारण ड्युटी नाही, दुसरं काहीतरी आहे. कॅश दिली आणि उद्या त्याने हात वर केले तर कोर्टात तुम्ही १ लाखच सिद्ध करू शकाल. शिवाय २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम कॅशमध्ये डिपॉझिट म्हणून घ्यायला इन्कम टॅक्स कायद्याने बंदी आहे.

आता मूळ धोका. मालकाला एकरकमी १० लाख का हवेत, हा प्रश्न विचारा. कधी साधं कारण असतं, मुलीचं लग्न, धंद्यात लागले. पण कधी बँकेचे हप्ते थकलेले असतात आणि तेव्हा बँक सरफेसी कायद्याखाली फ्लॅटचा ताबा घ्यायला येते, तुमचे १० लाख मालकाकडे असतात आणि मालक सापडत नाही. तुमचं डिपॉझिट म्हणजे त्याला दिलेलं विनातारण कर्जच आहे, घरावर त्याने तुमचा हक्क लागत नाही. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, मुंबईत तो वारंवार घडलाय, समोरचा मालकच नसतो, स्वतःच भाडेकरू असतो किंवा एजंट असतो आणि एकच फ्लॅट तीन-चार कुटुंबांना दाखवून हेवी डिपॉझिट गोळा करतो.

तरीही घ्यायचंच असेल तर इंडेक्स टू (फ्लॅटच्या नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, लाईट बिल आणि मालकाचं आधार यावरचं नाव एकच आहे ना ते बघा. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन स्वतः विचारा, या फ्लॅटवर कोणत्या बँकेचा बोजा आहे का, मेंटेनन्स थकलंय का, एजंटला सोबत न घेता जा. कर्ज असेल तर बँकेचं चालू स्टेटमेंट मागा. सगळी रक्कम ॲग्रीमेंटमध्ये लिहून, रजिस्टर करून, फक्त मालकाच्या खात्यात. एजंटच्या खात्यात एक रुपया नाही. मला विचाराल तर गावची जमीन विकून आलेले पैसे मी बँकेत ठेवीन, त्याच्या व्याजातून अर्धं भाडं देखील निघणार नाही हे माहीत असूनही, कारण ती जमीन परत येणार नाहीये.

आमचे घरमालक अमेरिकेत असतात. भाडं ३० हजार आहे, दरमहा त्यांच्या इथल्या खात्यात टाकतो. ऑफिसातले म्हणतात तुला टीडीएस कापावा लागेल. ५० हजारांच्या आत असेल तर लागत नाही ना?

ती ५० हजारांची मर्यादा मालक भारतात रहिवासी असेल तेव्हाची. मालक टॅक्सच्या दृष्टीने अनिवासी असेल तर रक्कम कितीही असो, टीडीएस कापायचा, दर ३० टक्के आणि वर सेस, मिळून ३१.२. नाही कापला तर नोटीस मालकाला नाही, तुम्हाला येते. मालकांना टॅक्स कमी बसत असेल तर ते इन्कम टॅक्सकडून कमी दराचं सर्टिफिकेट आणू शकतात, त्यांना तसं मेल करा आणि या महिन्यातच एखाद्या सीएला भेटा.

आमचं साताऱ्यात जुनं घर आहे, वरचा मजला रिकामा. वडील म्हणतात भाड्याने द्यायचं नाही, रजिस्टर केलं की भाडेकरूचा हक्क लागतो, १२ वर्षं राहिला की घर त्याचं. आमच्या काकांचं मुंबईत तसंच झालं. खरं काय?

वडिलांची भीती हवेतून आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात नंतर दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर घरात राहत होते त्यांना थेट भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्या पिढीतल्या कितीतरी मालकांनी एका रात्रीत घर अडकलेलं बघितलं, काकांचं तसं काही असेल तर नवल नाही, आणि म्हणूनच आजही हजारो घरं कुलूप लावून धूळ खात पडलीत.

पण तो कायदा गेला. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आहे आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सवाल्याला मुदतीनंतर राहायचा हक्क नाही, वर डोंबिवलीच्या काकूंना सांगितलं ते कलम २४ त्यासाठीच आहे. १२ वर्षांचा नियम जो परवानगीशिवाय, मालकाच्या विरोधात उघडपणे कब्जा करून बसतो त्याला लागू होतो. तुमच्या परवानगीने, तुम्हाला पैसे देऊन राहणाऱ्याचा कब्जा तसा नसतो. आणि रजिस्टर केल्याने हक्क लागत नाही, रजिस्टर न केल्याने लागायची शक्यता असते, कारण मग तो म्हणू शकतो की मी लायसन्सवर नाही, कायमचा भाडेकरू आहे आणि कलम ५५ त्याच्या बाजूने उभं राहतं. वडिलांना हा एकच मुद्दा दोनदा समजावून सांगा.

११ महिन्यांचं केलं म्हणून नोंदणी चुकते असंही नाही, महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असलं तरी नोंदवावंच लागतं. आता ऑनलाइन होतं, दोन्ही बाजूंचं आधार, दोन साक्षीदार आणि अंगठ्याचं मशीन, सेवा देणारे घरी येऊन पण करून जातात. वरच्या मजल्याचं वीज मीटर वेगळं नसेल तर आधी तेवढं करून घ्या.